पेशीआधी प्रथिनं पोहोचतात

प्रिय,

तू पाठवलेले आलेख पाहिले. पॉलिमरच्या ताटलीला प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विद्युतभारित वायूचा) दिल्यावर पाण्याचा संपर्ककोन (थेंब पृष्ठभागाशी करतो तो; कमी म्हणजे पृष्ठभाग जास्त ओला होणारा) 90 अंशांवरून 25वर आला, तरी पेशी फारशा वाढल्या नाहीत. म्हणून लगेच ‘पृष्ठभागाच्या रसायनाचा परिणाम नाही’ असं लिहून मोकळं होऊ नकोस.

पेशी वाढवायच्या माध्यमात सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा, प्रथिनांनी भरलेला द्रव) होतं ना? मग पेशी तळाशी बसायच्या आतच त्या पृष्ठभागावर प्रथिनांचा थर बसलेला होता. ते काम काही सेकंदांत सुरू होतं. सीरममध्ये अल्ब्युमिन सगळ्यांत जास्त, त्यामुळे गर्दी त्याचीच. पण त्याला धरायला पेशीकडे काही नाही. तिचे इंटेग्रिन, म्हणजे पकड घेणारे तिचे हात, शोधतात फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही चिकटायला मदत करणारी प्रथिनं. पृष्ठभागाचं रसायन ठरवतं ते यातलं कोण टिकणार आणि कुठल्या आकारात.

हा आकाराचा मुद्दा नीट धर. पाणी टाळणाऱ्या मिथाइल गटांवर फायब्रोनेक्टिन घट्ट बसतं, पण त्याची घडी विस्कटते. पाणी ओढणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांवर कमी बसतं, मात्र कामाचं राहतं. पिअर्शबाखर आणि रुओस्लाहटी या संशोधकांनी 1984 मध्ये दाखवलेला, फायब्रोनेक्टिनमधला आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा पेशीच्या हाताला लागतो की नाही, हे घडीवर ठरतं. तेव्हा प्रथिन किती बसलं एवढंच मोजू नकोस. पेशी जिथे पकडते त्या जागेलाच ओळखणारी अँटिबॉडी वापर.

आणि जितकं जास्त ओलं होणारं तितकं चांगलं, हा समज सोड. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा दाट थर पाण्याशी मस्त जमवून घेतो, पण त्यावर प्रथिनं बसत नाहीत, मग पेशी कुठून चिकटणार! पुष्कळ पेशींना मध्यम, साधारण 60-70 अंश संपर्ककोनाचा पृष्ठभाग मानवतो. अर्थात दोन वेगळ्या रसायनांचा कोन एकच येऊ शकतो, तेव्हा या आकड्यावरही फार विसंबू नकोस.

तुझ्या वहीत प्लाझ्मा दिल्याची तारीख आहे, पेशी कधी टाकल्या ते नाही. प्लाझ्मा दिलेलं पॉलिमर ठेवून दिलं की त्याचे ध्रुवीय, पाणी ओढणारे गट हळूहळू आत वळतात, म्हणून मधे किती वेळ गेला ते कळायला हवं.

आता एकाच दिवशी तीन ताटल्या लाव: सीरमसह, सीरमविना, आणि फायब्रोनेक्टिन लावून उरलेली जागा अल्ब्युमिनने बुजवलेली. सीरमविना ताटली तासाभरात बघ, नंतर पेशी स्वतःच प्रथिनं सोडू लागतात. न चिकटलेल्या पेशी धुऊन टाकण्याआधीचे फोटोही पाठव. नुसत्या धुतल्यानंतरच्या आकड्यांवरून पिपेटवर तुझा हात किती जड आहे, हेच जास्त कळतं.