‘रिप्रोड्यूसिबल’ला मराठीत काय म्हणावे? ‘पुनरुत्पादनक्षम’ आणि ‘ताळा’

खानापूर तालुक्यातील एक विद्यार्थिनी सध्या धारवाडला पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी ती मराठीत लेख लिहीत असून त्यात पुढील वाक्य आहे : ‘या लेखातील सर्व संख्याशास्त्रीय विश्लेषण पुनरुत्पादनक्षम असून त्याचा कोड खुला आहे.’ कोड म्हणजे विश्लेषणासाठी संगणकाला दिलेल्या लिखित आज्ञा, आणि ‘पुनरुत्पादनक्षम’ हा शब्द तिने इंग्रजी ‘रिप्रोड्यूसिबल’साठी, म्हणजे तीच माहिती व तोच कोड घेतल्यास तोच निष्कर्ष निघतो या अर्थाने, योजला आहे. घरच्या मंडळींनी लेख वाचला आणि ‘पुनरुत्पादनक्षम’ या शब्दापाशी सगळेच थांबले. हा शब्द योग्य आहे का, नसल्यास दुसरा कोणता वापरावा, आणि कोडला ‘खुला’ म्हणावे की ‘मुक्त’, असे तिने विचारले आहे.

‘पुनरुत्पादनक्षम’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, तरीही मी तो वापरणार नाही. मराठी वाचकाची ‘पुनरुत्पादन’ या शब्दाशी पहिली ओळख जीवशास्त्राच्या पुस्तकात होते आणि तो अर्थ त्याच्या मनात पक्का बसलेला असतो, ही एक अडचण झाली. दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती थेट पुरातत्त्वाशी निगडित आहे. या शास्त्रात मूळ कृती पुन्हा करताच येत नाही. एखादा थर खणून काढला की तो थर संपला. खापरे, कोळसा, हाडे पिशव्यांत भरून जातात आणि त्यांची एकमेकांशी असलेली जागा फक्त वहीत, आराखड्यात आणि छायाचित्रांत उरते. रसायनशास्त्रज्ञ तोच प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडू शकतो. आपल्या बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागात सातवाहनकालीन वसाहतीचे जे उत्खनन झाले, तेथील खणलेले चर मात्र कोणालाही नव्याने खणता येणार नाहीत. अशा शास्त्रात ‘पुन्हा उत्पादन करण्यास समर्थ’ असे म्हटले, तर नेमके जे अशक्य आहे तेच शक्य असल्याचे सूचित होते. नोंदींपासून निष्कर्षापर्यंतची आकडेमोड तेवढी पुन्हा करता येते, आणि इंग्रजी संज्ञेचा रोखही तिच्यावरच आहे.

त्या इंग्रजी संज्ञेचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनी १९९२ च्या सुमारास, लेखातील प्रत्येक आकृती मूळ माहितीपासून संगणकावर पुन्हा काढता आली पाहिजे, असा आग्रह धरला आणि त्याला ‘रिप्रोड्यूसिबल’ हे विशेषण लावले. पुढे तिच्या जोडीला ‘रेप्लिकेबल’ ही संज्ञा आली आणि दोहोंचा गोंधळ सुरू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१९ च्या अहवालात दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या केल्या. तीच माहिती, तोच कोड, त्याच पायऱ्या घेऊन तोच निष्कर्ष निघणे हे पहिले. तोच प्रश्न घेऊन स्वतंत्रपणे नवी माहिती जमवली असता जुळता निष्कर्ष निघणे हे दुसरे. संगणकशास्त्रज्ञांच्या ‘एसीएम’ या संस्थेने या दोन संज्ञा आधी नेमक्या उलट अर्थांनी वापरल्या होत्या. तिने २०२० मध्ये त्यांची अदलाबदल करून घेतली. मूळ भाषेतच शब्द इतके हलते असताना त्यातील ‘पुन्हा’ दाखवणारा उपसर्ग उचलून मराठीत ‘पुनर्’ लावल्याने हाती फार काही लागत नाही. वाचकाने त्या विश्लेषणाचे नेमके काय करावे अशी अपेक्षा आहे, हे पाहून शब्द निवडावा.

ती अपेक्षा सांगणारा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, आणि तो म्हणजे ‘ताळा’. गणिताच्या उत्तराचा ताळा, जमाखर्चाचा ताळा, सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचला जाणारा ताळेबंद, या सर्वांत एकच कृती आहे : आकडे तेच, रीत उघड, आणि उत्तर तेच येते की नाही हे दुसऱ्या कोणीतरी पाहणे. सीमाभागात या शब्दाची आणखी एक सोय आहे. कन्नडमध्येही ‘ताळे नोडु’ म्हणजे जुळते का ते पाहणे. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या वाचकाला हा शब्द दोन्हीकडून कळतो. ‘पुनरुत्पादनक्षम’ दोन्हीकडून परका राहतो.

या शब्दात एक मर्यादाही आपोआप सामावलेली आहे, आणि ती या विषयात फार मोलाची आहे. नवाच्या ताळ्याची जुनी रीत घ्या. ४७ गुणिले ३५ चे उत्तर १६४५. सत्तेचाळीसच्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २. पस्तीसच्या अंकांची ८. दोन आठे सोळा, म्हणजे ७. उत्तराच्या अंकांची बेरीज १६, म्हणजे पुन्हा ७. ताळा जमला. पण लिहिताना अंकांची अदलाबदल होऊन १४६५ असे उत्तर उतरले असते, तरी अंकांची बेरीज १६ च भरली असती आणि हा ताळा तेवढाच जमला असता. जुने गुरुजी म्हणूनच ताळा चुकला तर उत्तर नक्की चुकले असे सांगत, पण ताळा जमला म्हणून उत्तर नक्की बरोबर असे सांगत नसत. संगणकीय विश्लेषणालाही हेच लागू आहे. प्रकाशित कोड चालवून तोच आलेख निघाला, तर लेखकाने सांगितलेलीच आकडेमोड केली आहे एवढे सिद्ध होते. नमुने चुकीच्या थरातून उचलले होते का, पद्धत त्या प्रश्नाला योग्य होती का, हे त्यातून ठरत नाही. ‘पुनरुत्पादनक्षम’ या शब्दाला जे शास्त्रीय वजन येते, त्यामुळे वाचक नकळत ‘म्हणजे खरे’ असे धरून चालतो. ‘ताळा’ म्हटले की तो तसे धरत नाही.

मग ‘रेप्लिकेबल’चे काय? त्यासाठी ‘पडताळा’ सुचवला जातो, परंतु शालेय गणितात ‘पडताळा’ आणि ‘ताळा’ एकाच अर्थाने येतात, त्यामुळे फरक पुसला जातो. मी ‘प्रत्यंतर’ घेईन. एखाद्या गोष्टीचे प्रत्यंतर येते ते दुसऱ्या, स्वतंत्र अनुभवातून, आणि येथे तेच अभिप्रेत आहे. याचे उदाहरण आपल्याच नद्यांच्या खोऱ्यांत आहे. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांचा, त्या वेळी ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हटल्या जाणाऱ्या या प्रदेशाच्या भूरचनेवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मलप्रभा आणि घटप्रभा यांच्या खोऱ्यांत त्यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली होती. कोठे काय मिळाले याच्या नोंदी त्यांनी करून ठेवल्या. पुढे विसाव्या शतकात आर. व्ही. जोशी यांनी मलप्रभेच्या आणि आर. एस. पप्पू यांनी घटप्रभेच्या खोऱ्याचा नव्याने, स्वतंत्र अभ्यास केला. फूट यांच्या हत्यारांची ती मोजदाद पुन्हा केलेली नव्हती. नवी हत्यारे, नवे थर, नवी निरीक्षणे होती. अशा वेळी ‘प्रत्यंतर’ हा शब्द चपखल बसतो आणि ‘ताळा’ बसत नाही.

आता ताळा घेण्यासाठी वाचकाच्या हाती काय काय द्यावे लागते, ते पाहू. कारण आपल्या वाक्यात ‘विश्लेषण पुनरुत्पादनक्षम आहे’ एवढेच म्हटले आहे आणि कशाच्या बळावर, ते सांगितलेले नाही. कर्ब-१४ कालमापनाचे, म्हणजे अवशेषात उरलेल्या किरणोत्सर्गी कर्बाच्या प्रमाणावरून वय काढण्याच्या रीतीचे, उदाहरण घेतो. समजा, महापाषाणयुगीन दफनातील कोळशाचे मापन ‘आजपूर्व २४५० ± ३० वर्षे’ असे आले. यातील ‘आज’ म्हणजे संकेताने १९५० हे वर्ष. वर्षांचा आकडाही संकेताचाच आहे, कारण तो ५,५६८ वर्षांचा जुना अर्धायुकाल (हा कर्ब निम्मा होण्यास लागणारा काळ) धरून काढतात, जरी अधिक अचूक अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षांचा असल्याचे आता मान्य आहे. या आकड्यातून १९५० वजा केले की सनावळी मिळाली, असे होत नाही. वृक्षवलयांसारख्या स्वतंत्रपणे कालमापन झालेल्या पुराव्यांवरून बेतलेल्या वक्राशी तो जुळवावा लागतो. नेमका या काळात, साधारण इ. स. पू. ८०० ते ४०० च्या दरम्यान, तो वक्र जवळजवळ सपाट होतो. म्हणून ± ३० वर्षांचे नेटके दिसणारे मापन जुळवल्यानंतर इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पसरते. लेखात केवळ ‘इ. स. पू. सहावे शतक’ एवढेच छापले असेल, तर ते कोठून आले हे वाचकाला कधीच कळणार नाही. मूळ मापन, प्रयोगशाळेचा नमुना-क्रमांक, वापरलेला वक्र २०१३ चा की २०२० चा, जुळवणी ‘ऑक्सकॅल’मध्ये केली की अन्य आज्ञावलीत, आणि तिची आवृत्ती कोणती, हे सगळे दिले तरच ताळा घेता येतो.

आवृत्तीचा आग्रह काहींना अनावश्यक वाटतो, म्हणून त्याचेही एक उदाहरण देतो. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा पुरातत्त्वात आता सर्रास वापरली जाते. दोन चरांतील खापरांच्या प्रकारांची तुलना करताना, एका चरात खापरे जास्त आणि दुसऱ्यात कमी असतील, तर मोठ्या संचातून यादृच्छिकपणे तेवढीच खापरे पुनःपुन्हा निवडून पाहतात. ही निवड संगणक ज्या आकड्यापासून सुरू करतो, त्याला इंग्रजीत ‘सीड’ म्हणतात आणि मराठीत ‘बीजांक’ म्हणण्यास हरकत नाही. बीजांक दिला की निवड दर वेळी तीच येते, असे सर्वांनी गृहीत धरले होते. पण २०१९ मध्ये ‘आर’च्या ३.६.० या आवृत्तीत नमुना निवडण्याची मूळ रीत बदलली, कारण जुन्या रीतीत सूक्ष्म असमतोल होता. बदल योग्यच होता, परंतु त्यानंतर तोच कोड आणि तोच बीजांक जुन्या व नव्या आवृत्तीत वेगवेगळी खापरे निवडू लागला. आवृत्ती लिहिलेली नसेल, तर ताळा न जमण्याचे कारण शोधताना वाचक लेखकाच्या प्रामाणिकपणावर शंका घेईल, आणि तसे होऊ नये याची जबाबदारी लेखकाची आहे.

पुरातत्त्वातील या सर्व शिस्तीची मांडणी पुरातत्त्वज्ञ बेन मार्विक यांनी २०१७ च्या एका लेखात, उत्तर ऑस्ट्रेलियातील मजेडबेबे या शैलाश्रयाच्या संशोधनाच्या आधारे केली आहे. माहिती व कोड दोन्ही उपलब्ध ठेवणे, माउसने टिचक्या मारण्याऐवजी प्रत्येक पायरी लिखित आज्ञांत करणे, बदलांचा इतिहास जपणे आणि संगणकीय परिसराची (वापरलेल्या आज्ञावली आणि त्यांच्या आवृत्त्या यांची) नोंद ठेवणे, अशी चार सूत्रे त्यांनी दिली आहेत. आपण अभ्यासात ती वाचली असतीलच. मराठी लेखात त्यांपैकी निदान पहिल्या आणि शेवटच्या सूत्राचा एका वाक्यात उल्लेख अवश्य करावा.

‘खुला’ आणि ‘मुक्त’ हे शब्द मात्र एकमेकांऐवजी वापरू नयेत. जे कोणालाही पाहता येते ते खुले. जे घेऊन, बदलून, पुढे वापरण्याची परवानगी आहे ते मुक्त. कोड सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवला पण परवाना जोडला नाही, तर तो खुला झाला, मुक्त नाही, कारण परवाना नसताना हक्क लेखकाकडेच राहतो. आपण तशी मुभा देणारा परवाना जोडला असेल तर निःशंकपणे ‘मुक्त’ लिहावे. माहितीच्या बाबतीत ‘खुली’ हा शब्दही जपून वापरावा. गुप्तधनाच्या लोभाने जुनी देवळे आणि थडगी उकरण्याचे प्रकार आपल्या भागाला नवे नाहीत. अशा स्थळांचे अचूक अक्षांश-रेखांश कोणीही उघड करू नयेत. स्थान काही किलोमीटरांपर्यंत मोघम करून बाकी सर्व नोंदी दिल्या, तरी बहुतेक गणितांचा ताळा घेता येतो, आणि ज्या गणिताला अचूक स्थान लागते त्यासाठी ते मागणीवरून अभ्यासकाला देता येते. मग लेखात ‘स्थळांची अचूक स्थाने वगळून अन्य नोंदी खुल्या आहेत’ असेच स्पष्ट लिहावे.

विशेषण हवेच असेल तर ‘ताळायोग्य’ चालेल, परंतु मराठीला अशा ठिकाणी विशेषणापेक्षा क्रियापद अधिक मानवते. आपले वाक्य मी असे लिहीन : ‘या लेखातील आकडेमोडीचा ताळा कोणालाही घेता येईल; त्यासाठी लागणाऱ्या नोंदी, कोड आणि वापरलेल्या आज्ञावलींच्या आवृत्त्या एकत्र ठेवल्या असून कोड मुक्त परवान्याखाली दिला आहे.’ वाक्य लांबले, पण वडीलधाऱ्यांनी विचारले तर त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्याला सांगता येईल. नोंदी, कोड आणि लेख एकाच पुडक्यात बांधून देण्याच्या पद्धतीला इंग्रजीत ‘रिसर्च कम्पेंडियम’ म्हणतात. त्यासाठी ‘ताळासंच’ हा शब्द करून पाहावा, असे मला वाटते. ‘ताळा’ पुल्लिंगी आहे : ताळा घेतला, ताळा जमला, ताळ्यासाठी, ताळ्याने. ‘ताळ्यावर’ हे रूप तेवढे टाळावे, कारण ‘ताळ्यावर येणे’ याचा अर्थ वेगळा रूढ आहे आणि वाचक तिकडे वळेल.