आडवी बाटली करायची तर आधी मतदार यादी उघडा

ताई, एसटी स्टँडजवळचं देशीचं दुकान, तिथून मान खाली घालून जाणाऱ्या शाळेच्या पोरी, आणि दुकान बंद करायला बायकांचं मतदान घ्या असा अर्ज घेऊन गेलं की "सह्यांच्या पडताळणीची तारीख कळवू" एवढंच उत्तर. तुम्ही लिहिलेलं हे वाचताना आमचंच गाव डोळ्यांपुढे आलं. मोर्चा, निवेदन, पेपरात फोटो हे सगळं तुम्ही केलेलंच असणार, त्यावर बोलत नाही. मी वकील नाही. आमच्या तालुक्यात जे घडलं तेवढंच सांगते. मधल्या काळात नियम बदलले असतील तर जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयातून लेखी घ्या.

राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे अर्जावर 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. आमच्याकडे बचत गटांच्या बैठकांतच त्या उरकल्या. माती झाली ती पडताळणीत. सही करणाऱ्या बाईने स्वतः येऊन, ओळखपत्र दाखवून "ही माझीच" म्हणायचं. एका कार्यालयाने, नाव घेत नाही, त्यासाठी नेमका भातलावणीचा आठवडा काढला आणि नोटीस आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवली. रोजावर गेलेली बाई चिखलातून पाय काढून सकाळी 11 ला येणार कशी? ज्या आल्या त्यांच्यातही यादीत मंगल आणि सहीत मंगला, म्हणून काट. एका आजींचा अंगठा होता; खाली नाव वेगळ्या शाईने लिहिलंय म्हणून तोही बाद. साहेब चहा घेता घेता लाल पेनने रेघा ओढत होते. आकडा पंचविसाच्या खाली गेला आणि अर्ज निकाली निघाला. दुकान तो अख्खा पावसाळा जोरात चाललं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून सांगते, सह्या 25 टक्क्यांवर थांबवू नका, 40 पर्यंत न्या. प्रत्येक सहीपुढे यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टाका. नाव यादीत जसं छापलंय तसंच लिहा, चुकीचं छापलेलं असलं तरी. लावणी-काढणीचे दिवस सोडून तारीख द्या आणि आठवडाभर आधी कळवा, हे अर्ज देतानाच लेखी द्या नि पोच घ्या. पोच नसेल तर "असं काही आलंच नाही" हे ऐकायची तयारी ठेवा.

मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. या मतदानाचं गणित तर बहुतेकांना मोजणीच्या दिवशी कळतं. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती यादीतल्या एकूण महिलांच्या हिशोबाने, आलेल्यांच्या नव्हे. यादीत 900 बायका असतील तर 451 आडव्या पाहिजेत. 500 जणी आल्या, 430 जणींनी आडवी केली, 70 जणींनी उभी, तरी दुकान चालूच. घरी बसलेली प्रत्येक बाई उभीच्या खात्यात धरा. सासरी गेलेल्या पोरी, मुंबईला राहणाऱ्या सुना, देवाघरी गेलेल्या म्हाताऱ्या, सगळ्या यादीत असतात. मयतांची नावं कमी करायला नमुना 7 असतो, तो काही महिने आधीच बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याकडे, भरून द्या. मुंबईवाल्यांच्या गाडीभाड्याची वर्गणीही आधीच काढा. दुकानदाराला हे गणित आपल्यापेक्षा चांगलं येतं. आमच्याकडचा प्रचाराला फिरलाच नाही, मतदानाच्या दिवशी बायकांसाठी देवदर्शनाची फुकट गाडी तेवढी काढली.

आणि चिन्हं नीट समजावा. कागदावर दोन बाटल्या काढून सराव घेतला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "उभीवर फुली मारली की ती रद्द ना?" शिक्का फुलीसारखा उमटतो, त्यांचं काय चुकलं! तेव्हापासून आळीआळीत सराव घेतला.

दुसऱ्या खेपेला आमच्याकडे आडवी झाली. "आता हातभट्टी वाढेल" म्हणणारे भेटतील, त्यात पिणारेच जास्त. पण भीती अगदी खोटी नाही. हातभट्टीवर हे मतदान चालत नाही, त्यासाठी ग्रामसभेत ग्रामरक्षक दलाचा, म्हणजे बेकायदा दारूवर लक्ष ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाचा, विषय घ्या. आमचं दल अजून कागदावरच आहे, त्यामुळे त्यावर जास्त शहाणपण सांगत नाही.

तुमच्या यादीत महिला किती आणि त्यातल्या गावात राहणाऱ्या किती, हे दोन आकडे काढून कळवा. मग सह्या किती लागतील ते बसून काढू.