शाळा कधी उघडायच्या हे पालकांवर सोडलं तर काय होतं?

तुम्ही विचारलंय की कोरोनाच्या काळात शाळा उघडण्यावरून पालकांमध्ये एवढी भांडणं का झाली, आणि पुन्हा तशी साथ आली तर शाळा कधी उघडाव्यात. मी सोलापूरचा, अशोक चौकाकडचा. उत्तर देतो, पण आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बोलण्यातून काय वजा करायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

माझा धंदा शाळेच्या गणवेशाचा आहे. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतात, पण शाळेचे गणवेश शिवणारे लहान-मोठे कारखानेही इथं कितीतरी आहेत आणि त्यांचा माल दुसऱ्या राज्यांतही जातो. आमचा सीझन एप्रिल ते जून. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं तेव्हा सगळ्यांनी कापड भरून ठेवलेलं होतं. मग कुणी मास्क शिवले, कुणी मशिनींवर प्लास्टिक टाकून घरी बसलं. तेव्हा शाळा उघडाव्यात असं मला वाटायचं त्यात पोटाचा भाग होताच. पालक-शिक्षक संघाच्या ऑनलाइन बैठकीत एका गृहस्थांनी ते तोंडावर सुनावलं: "तुमचा माल खपावा म्हणून आमची पोरं पुढं घालू काय?" माझी दोन मुलं त्याच शाळेत होती, मुलगी नववीत आणि मुलगा पहिलीत. पण त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं होतं असं मी म्हणणार नाही.

भांडणाचं मूळ सरकारी तारखांमध्ये होतं. राज्यानं २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीला परवानगी दिली, २७ जानेवारी २०२१ पासून मुंबई सोडून इतरत्र पाचवी ते आठवीला. मग दुसरी लाट आली, पुन्हा कुलूप, आणि एप्रिलमध्ये पहिली ते आठवीची मुलं परीक्षेशिवाय वरच्या वर्गात. पुढं १५ जुलै २०२१ पासून कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावी. ऑगस्टमध्ये आणखी वर्ग उघडायचं ठरलं आणि राज्याला साथीबद्दल सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या टास्क फोर्सनं हरकत घेतल्यावर थांबलं. ४ ऑक्टोबरला खेड्यांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून. १ डिसेंबरला पहिलीपासून. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला आणि परत बंद, २४ जानेवारीपासून परत सुरू. यातल्या जवळपास प्रत्येक आदेशाला एक शेपूट असायचं: अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाचा. प्रशासन बघायचं शाळेकडं, आणि शाळा आमच्या हातात संमतीपत्र ठेवायची.

त्या कागदाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. पाल्याला शाळेत पाठवायला माझी संमती आहे, एवढंच त्यात लिहायचं होतं. पण सही करणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागायचा की उद्या काही झालं तर ते तुमच्या डोक्यावर. शाळेत जंतुनाशक फवारणार कोण, वर्गाच्या खिडक्या उघडतात का, एका बाकावर एक मूल बसवायचं तर उरलेली कुठं, शिक्षकांची चाचणी झाली का, यातलं आम्हाला काहीच माहीत नसायचं. शिक्षकांना आरटीपीसीआर सक्तीची होती आणि त्या चाचण्यांत अनेक जिल्ह्यांत शिक्षकच बाधित निघाले होते. ती बातमी वाचून सही कोण करणार? आणि जो करेल तो बाकीच्यांना बेफिकीर वाटणार. ग्रुपवर लगेच सुरू व्हायचं, "ज्यांना पाठवायचंय त्यांनी खुशाल पाठवा, आमची पोरं आम्हाला जड नाहीत." एवढं वाचलं की सही करायला निघालेला माणूसही पेन खाली ठेवायचा.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पैसेवाले घाबरत होते आणि गरीब शाळा मागत होते. आमच्याकडं तसं सरळ नव्हतं. जुळे सोलापूर या उपनगरातल्या, नोकरी असलेल्या घरांत वायफाय होतं, मुलाला वेगळी खोली होती; त्यांना घाई नव्हती हे खरं. पण त्याच भागातलं एक डॉक्टर जोडपं सही करणाऱ्यांत सर्वांत पुढं होतं. उलट शहराच्या पूर्वभागातल्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या काही बाया ठाम विरोधात होत्या. त्यातली एक आमच्या कारखान्यात काजं-बटणाचं काम न्यायला यायची. ती म्हणाली, "एकच खोली आहे. तिथंच पान, तिथंच तंबाखू, तिथंच सासू झोपते. पोरगं घेऊन आलं तर म्हातारीला ठेवू कुठं?" एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात साथ शिरली ती याच दाट पेठांतून. गल्ल्यांना पत्रे ठोकलेले, त्या जुलैत शहरात पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी, हे सगळं त्या बायकांनी दारात बसून बघितलं होतं. घरात आजारी माणसाला वेगळं ठेवायला जागा आहे की नाही, यावरच माणूस कुठल्या बाजूला ते बहुतेक ठरत होतं. पण बैठकीत हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते फक्त हो की नाही.

आणि एक गोष्ट कुणी उघड बोलत नव्हतं: फी. शाळा उघडली की थकलेली फी मागणार, ही भीती कित्येकांच्या विरोधाखाली दडलेली होती. यंत्रमागाचे खटके बंद, पगार अर्धा, आणि फीचा मेसेज दर महिन्याला. राज्यानं १५ टक्के फी कपातीचा आदेश काढला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. तोपर्यंत आरोग्याच्या नावाखाली पैशाचं भांडण पुष्कळ होऊन गेलं होतं. माझ्या ओळखीचे दोघे तरी असे होते की फीचे हप्ते ठरल्यावर त्यांची कोरोनाची भीती अर्ध्यावर आली. मी त्यांना हसत नाही. पैसे नाहीत हे चारचौघांत सांगण्यापेक्षा पोराच्या तब्येतीचं कारण सांगणं सोपं असतं.

विरोध करणाऱ्यांच्या हातात खरं कोलीत दिलं ते पुढाऱ्यांनी. एप्रिल २०२१ मध्ये शाळा बंद होत्या आणि आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक चालू होती. सभा झाल्या, शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी लागली. "मतदान केंद्र चालतं, वर्ग चालत नाही" असं आम्ही म्हणायचो; समोरचे म्हणायचे, "बघा सभांनी काय केलं, आता शाळा पण उघडा म्हणजे झालंच." एकाच घटनेवरून दोघंही आपापलं खरं करत होतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, कारण मला मनापासून बोलायचंय ते त्यावरच. कधी उघडायच्या यापेक्षा आधी कुणासाठी उघडायच्या हे ठरायला हवं होतं. आणि आपल्याकडं तो क्रम उलटा लागला.

माझ्या घरातच बघा. मुलगी नववीत, तिला पहिल्याच फेरीत परवानगी मिळाली. माझ्या आईला साखरेचा त्रास, म्हणून बायकोनं सुरुवातीला सही करायला साफ नकार दिला. पुढं आम्ही तोडगा काढला, शाळेतून आल्यावर खालीच कारखान्याच्या नळावर अंघोळ, कपडे तिथंच, मग वर. मुलगी मोठी होती, तिला हे जमलं. शाळा नसती तरी ती पुस्तक उघडून बसली असती. धाकटा जून २०२० मध्ये पहिलीत गेला आणि वर्गात बसायची परवानगी त्याला मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये, दुसरीत. पहिलीचा वर्ग त्यानं आतून पाहिलाच नाही.

तेही आमच्यासारख्या घरात. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो. शेजारी कन्नड, पलीकडच्या बोळात दखनी. सोलापूरच्या पूर्वभागात हजारो मुलांना मराठी मिळते ती शाळेत, बाईंच्या तोंडून आणि बाकावरच्या जोडीदाराकडून. शाळा बंद म्हणजे अशा मुलाचा अभ्यास तर बुडतोच, शिवाय ज्या भाषेत अभ्यास करायचा ती भाषाच कानावर पडायची थांबते. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, धाकटा तो बघायचा, हसायचा. पण टीव्ही काही त्याला उलटा प्रश्न विचारत नव्हता. दुसरीत गेल्यावर त्याला अक्षरं सुटी सुटी ओळखता येत होती, मात्रा-वेलांटी लागली की तो अडखळायचा. पाणी प्यायला जाऊ का, हे बाईंना मराठीत विचारायला त्याला लाज वाटायची. त्या शिकलेल्या आणि न शिकलेल्या पोरांचा एकच वर्ग सांभाळणाऱ्या बाईंचे पाय धरावेत असं मला वाटायचं.

हे एकट्या आमच्या घरचं नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांत दुसरी ते सहावीची मुलं तपासली, तेव्हा ९२ टक्के मुलांनी आधी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य गमावलेलं होतं. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत, देशपातळीवरच्या आकड्यांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. फोनचं म्हणाल तर २०२१ च्या 'असर'मध्ये दोन तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यातल्याही चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. बाप रिक्षा घेऊन गेला की फोन त्याच्या खिशात. डिसेंबर २०२० मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणल्याबद्दल त्यांचं जगभर नाव झालं. आम्हाला अभिमान वाटला, अजून वाटतो. पण बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे फोन यायचे, "तुमच्याकडं तर सगळी मुलं मोबाईलवरच शिकतात म्हणे!" त्यांना काय सांगणार?

लहानांना आधी शाळेत सोडावं असं मी म्हणतो, तो माझा भाबडेपणा नाही. डेन्मार्कनं एप्रिल २०२० मध्ये शाळा उघडल्या त्या पाळणाघरं आणि प्राथमिकपासून. जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनीही जाहीरपणे सांगितलं की उघडायच्या तर प्राथमिक शाळा आधी. त्याच वेळच्या त्यांच्या रक्ततपासणीत सहा ते नऊ वयाच्या ५७.२ टक्के मुलांच्या अंगात प्रतिपिंडं सापडली. या मुलांना लस नव्हती. म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळा बंद असताना, घरात बसूनच, निम्म्याहून जास्त मुलांना कोरोना होऊन गेला होता. तरी ते अख्खं वर्ष आम्ही 'तिसरी लाट मुलांवर येणार' या वाक्याच्या धाकात काढलं.

मोठ्यांना आधी का सोडलं याची कारणं मला कळतात. दहावी-बारावीचा बोर्ड डोक्यावर, मोठी मुलं मास्क नीट लावतात, एकटी येतात-जातात. शिवाय मोठी मुलं घरी बसली की हातातून जायचा धोका असतो. आमच्या शेजारच्या कारखान्यात दहावीतला एक मुलगा ओव्हरलॉक मशिनवर बसला, पगार हातात पडायला लागला आणि तो शाळेत परतलाच नाही. तेव्हा नववी-दहावी बंद ठेवा असं मी म्हणत नाही. दोन्ही एकदम उघडता येत नसतील तर मधले वर्ग थांबू शकतात, पाचवी ते आठवी. त्यांना वाचता येतं. पहिली ते तिसरीला घरी बसवून शिकवणं बहुतेक घरांना जमत नाही.

तारीख म्हणाल तर कॅलेंडरवरची तारीख मी देणार नाही. कोविडमुक्त गावाचा नियम मला सगळ्यांत शहाणा वाटला होता: महिनाभर गावात रुग्ण नाही, ग्रामपंचायतीचा ठराव, मग शाळा. शहरात तेच प्रभागानुसार करता आलं असतं. पन्नास टक्के मुलं, दिवसाआड, मैदान असेल तिथं मैदानात. शिक्षकांना लस सगळ्यांत आधी. आणि संमतीपत्र बंद. निर्णय प्रशासनानं घ्यावा आणि जबाबदारीही त्यानंच घ्यावी. ज्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस आहे त्यांना मूल घरी ठेवायची मुभा द्यावी, गैरहजेरी न लावता. फीचं आधी आणि वेगळं मिटवावं, नाहीतर ते प्रत्येक बैठकीत मास्क लावून येतं.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर किंवा पालक-शिक्षक संघात असाल तर अशा वेळी मतदान घेऊ नका. मतदानानं फक्त दोन गट पडतात. त्याऐवजी प्रत्येक घराकडून चार गोष्टी लिहून घ्या: घरात साठीच्या वरचं कोण आहे, खोल्या किती, दिवसा फोन कुणाजवळ असतो, आणि मुलाला शाळेची भाषा शिकवू शकेल असं घरी कुणी आहे का. आमच्या शाळेत हा कागद एकदाही फिरला नाही.