गावात बोभाटा न होता भावाची दारू आणि गोळ्या कशा सोडवता येतील?

ताई, बोभाटा केव्हाच झालेला असणार.

तुम्ही सुरतला, आई-वडील गावाकडे, भाऊ सव्वीस वर्षांचा. रोज पितो आणि हल्ली मित्रांबरोबर गोळ्याही खातो. आई भाजीत घालायची पावडर शोधतेय, वडील त्याच्यासाठी मुलगी शोधताहेत, आणि सगळ्यांची एकच अट, गावाला कळू नये. मी खान्देशातल्याच एका तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो, त्यामुळे हे घर मला ओळखीचं वाटलं. कोणाचा पोरगा संध्याकाळी कुठे बसतो हे देशीच्या दुकानासमोरच्या अंडाभुर्जीवाल्याला माहीत असतं, रिक्षावाल्याला असतं, मला असतं. ‘मना पोऱ्या तसा नई शे’, माझा पोरगा तसा नाही, असं आई सांगते तेव्हा समोरचा मान हलवतो, कारण त्याला भांडायचं नसतं. तुमच्या घरच्यांना मात्र वाटत राहतं की झाकलेलं आहे.

हे आधी सांगितलं, कारण झाकण्यासाठी जे उपाय केले जातात तेच जिवावर बेततात.

पावडरीपासून सुरू करतो. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती पूर्वी भिंतींवर असायच्या, आता व्हॉट्सॲपवर येतात. बायाबापड्या माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात तेच मागतात. त्या पुड्यांमध्ये काय असतं याचा बहुतेक वेळा पत्ता नसतो. कधी कोणी डायसल्फिरामची गोळी कुटून देतं. ते खरं औषध आहे, पण पिणं थांबल्यावर, तपासण्या करून, माणसाला नीट समजावून डॉक्टरांनी द्यायचं. त्याने दारू शरीरात अर्धवट मोडून अडकते आणि विषारी द्रव्य साठतं. वर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा लिव्हर कमकुवत असेल तर माणूस दगावू शकतो. जो समजून गोळी घेतो तो त्या भीतीनेच बाटलीपासून लांब राहतो. तुमचा भाऊ भाजी-भाकरी खाऊन नेहमीसारखा निघेल, पिईल आणि शेताच्या रस्त्यावर कुठेतरी पडेल, काय झालं हे त्याला न कळताच. वाचला आणि नंतर कळलं, तर आईच्या हातचं जेवण बंद करेल. आईला फोन करून हे आजच थांबवा.

दुसरा उपाय कोंडण्याचा. ‘आठ दिवस खोलीत ठेवू, उतरेल आपोआप.’ जो अधूनमधून पितो त्याला काही होणार नाही. पण सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात, एक घोट घेतल्याशिवाय ज्याला ब्रशही धरवत नाही, त्याची दारू एकदम तोडणं धोक्याचं असतं. आईला विचारा, सकाळी कसा असतो. अशा माणसाला पहिल्या दिवशी घाम, थरथर, मळमळ, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कोणी हाका मारतंय असं वाटतं, घरची माणसं ओळखू येत नाहीत. आपल्याकडे नेमक्या याच वेळी ‘बाहेरचं काहीतरी लागलं’ म्हणून त्याला भगताकडे नेतात, नारळ उतरवतात. ती वेळ दवाखान्याची असते. उपचार झाला नाही तर यात माणसं मरतात, आणि उपचार मुळीच अवघड नाही.

त्यात तुमच्या भावाच्या गोळ्या. मालेगाव-धुळे पट्ट्यात जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती म्हणजे अल्प्राझोलाम, झोपेची आणि घबराटीची गोळी. हिची सवय लागल्यावर एकदम बंद केली तरी फिट येऊ शकते, त्यामुळे डॉक्टर ती आठवड्यागणिक कमी करत आणतात. दारू आणि ही गोळी एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावतो. ‘रात्री झोपला तो उठलाच नाही’ अशा बातम्यांमागे कधी कधी हेच असतं. २०१४ पासून ही गोळी औषधांच्या कडक नियमांच्या एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, दिली की रजिस्टरला डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव लिहायचं. तरी पोरांना मिळते. काही बाहेरून येते, काही आमच्याच धंद्यातले लोक पट्टीमागे चार पैसे जास्त घेऊन देतात, आणि ते कोण हेही गावाला माहीत असतं.

मग जायचं कुठे? आपल्या भागात सरकारी सोय आहे: धुळ्याला भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जळगाव आणि नंदुरबारलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. मानसोपचार हा शब्द ऐकून वडील बिथरतील. पोट आणि झोप दाखवायला चाललोय असं त्यांना सांगा, ते खोटंही नाही. जायच्या आधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. सुरतेहूनही लागतात. गावातल्या डॉक्टरांकडे सलाईन लावायची वेळ आली तर रोज किती पितो ते खरं सांगा, लाजून निम्मं सांगू नका. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

भरती करायची झाली तर केंद्र बघून घ्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथली पद्धत अनेकांनी पुढे उचलली. पण अलीकडे हायवेच्या कडेला कोणीही पाटी लावतं. आधी एकट्याने जाऊन या. डॉक्टर रोज येतो का, पहिल्या आठवड्यातल्या फिटसाठी काय सोय आहे, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. ‘पोरगा आमच्यावर सोडा, महिनाभर फोन करू नका’ म्हणाले तर परत फिरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू-ड्रग्जचं व्यसनही येतं, आणि माणसाला साखळीने बांधायला त्या कायद्याने सरळ मनाई केली आहे.

लग्नाबद्दल एवढंच, की वडिलांना थांबवा. येणारी पोरगी नर्स नसते. तिच्या बापाला हे माहीत नसेल तर ती फसवणूक आहे, आणि त्याला गावातून चौकशी करायला एक दुपार पुरते.

भाऊ तयार होईल का, हे तुम्ही विचारलं नाही, पण खरा प्रश्न तोच. ‘मी काय बेवडा शे का?’ हे पहिलं उत्तर येईल. दुसरं येईल श्रावणाचं: ‘श्रावणात महिनाभर हात लावत नाही, म्हणजे माझ्या ताब्यात आहे.’ यावर वाद घालू नका. गटारीला आणि श्रावण संपल्यावर तो किती पितो, हे त्याचं त्यालाच माहीत असतं. त्याच्याशी सकाळी बोला, प्यायलेला असताना कधीच नाही. आणि तुम्हीच बोला. राखीला किंवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीचं जेवढं ऐकतात तेवढं बापाचं ऐकत नाहीत. त्याला स्वतःला जे खुपतंय तिथून सुरुवात करा, झोप, हाताची थरथर, मोटारसायकलवरून पडणं, काहीही. पहिल्या वेळी नाही म्हणाला तर तुम्ही आणि आई दोघी जाऊन समुपदेशकाला भेटा. घरच्यांनी आधी जाऊन यायलाही परवानगी लागत नाही.

आणि परत आल्यावरचं वर्ष, जे खरं अवघड. कट्टा तोच, मित्र तेच. कापसाचे पैसे हातात येतात ते दिवस, आठवडे बाजाराचा दिवस, आखाजीचे पत्ते, हळदीच्या रात्रीचा डीजे, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतली फुकटची पेटी. या तारखा आधीपासून ठाऊक असतात, तेव्हा त्या दिवशी तो कुठे असेल ते आधीच ठरवा. व्यापाऱ्याकडचे पैसे काही महिने वडिलांच्या खात्यात जाऊ द्या, पण त्याच्यासमोर ठरवून, मागे नाही. त्याला सुरतला तुमच्याकडे नेऊ नका. तिथे नवे मित्र आठवड्यात मिळतात. जवळच्या शहरात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाची, सभा भरत असेल तर तिथे पैसे लागत नाहीत आणि आडनावही विचारत नाहीत. काहीजण माळ घालतात. मी स्वतः फारसा देवभोळा नाही, पण माळकऱ्याला लग्नात कोणी ग्लास पुढे करत नाही, हा फायदा मोठा आहे. घसरला तर पुन्हा न्या. हा आजार उलटतो, त्यात नवल नाही.

बोभाट्याबद्दल अजून एक. आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी लोकांनी दारू सोडली ती चारचौघांत. १९२२-२३ च्या आदिवासींच्या देवी चळवळीत गावंच्या गावं दारू-ताडी सोडत होती. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज भिल्लांना दारू सोडायला आणि एकमेकांना आदराने ‘आप’ म्हणायला सांगत होते, हजारो लोक जमत होते. शपथ सगळ्यांसमोर घेतली की मोडताना सगळे दिसतात, आणि पाजणाराही कचरतो. तुमच्या भावाने चौकात शपथ घ्यावी असं मी म्हणत नाही. पण दोन मित्र, एक काका आणि समोरचा दुकानदार यांना उघडपणे सांगितलं, ‘हा सोडतोय, आग्रह करू नका,’ तर निम्मं काम गावच करतं.

ओपीडीला जाताना आधार कार्ड न्या, सकाळी लवकर निघा, दुपारपर्यंत केसपेपरची खिडकी बंद होते. आणि त्याच्या खिशात, उशीखाली, गाडीच्या डिकीत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या तर फेकू नका, सोबत घ्या. कोणती गोळी, किती ताकदीची, हे पट्टीवर छापलेलं असतं आणि डॉक्टरांना त्यावरूनच ठरवावं लागतं.