डेबियनमधील आवृत्त्या जुन्या का?

प्रश्न : आमच्या हळदीच्या अडत दुकानातील संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. त्यात लिब्रेऑफिस (कार्यालयीन कामाचा प्रोग्रॅम-संच) ७.४ मिळते, मित्राच्या फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर मात्र बरेच नवे आहे. आमचे काही चुकते आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काहीही चुकत नाही. डेबियन १२ जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यापूर्वीच गोठवलेल्या (पुढे न बदलण्याचे ठरवलेल्या) बहुतेक आवृत्त्या तशाच ठेवून सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या त्यांतच बसवणे हे त्या प्रकल्पाचे धोरण असल्यामुळे, आकडा जुना म्हणजे प्रोग्रॅम असुरक्षित असे मुळीच समजू नये. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते. आर्च या आणखी एका लिनक्स प्रणालीत बदल अखंड येतात. ज्या यंत्रावर रोजचे हिशेब चालतात, तिथे मी डेबियनच ठेवीन. नवे लिब्रेऑफिस हवेच असल्यास फ्लॅटपॅकद्वारे (प्रोग्रॅम मूळ प्रणालीपासून वेगळा ठेवून बसवण्याच्या पद्धतीने) घ्यावे. दुसऱ्या वितरणाचे (लिनक्स प्रणालीचे) पॅकेज-स्रोत, म्हणजे प्रोग्रॅम जिथून उतरवले जातात ती ठिकाणे, मूळ प्रणालीत मिसळणे मात्र कटाक्षाने टाळावे.