उपग्रह चित्रात दगडांखालची हिमनदी, हिमोढ आणि रॉक ग्लेशियर वेगवेगळे कसे ओळखायचे?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लाहौलमधल्या चंद्रा खोऱ्याचा भूरूप नकाशा करायचाय, पण गूगल अर्थवर सगळीकडे राखाडी दगडच दिसतो. मी याच खोऱ्याचे नकाशे केलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

उघड्या बर्फाची चिंता करू नका. सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातला लाल पट्टा आणि लघुतरंग अवरक्त पट्टा यांचं गुणोत्तर काढलं की तो आपोआप वेगळा पडतो. चित्र मात्र सप्टेंबरच्या आसपासचं घ्या, नाहीतर हंगामी बर्फही हिमनदीत मोजला जाईल. खरं काम पुढे आहे, कारण दगडांनी झाकलेला बर्फ आणि शेजारचा नुसता दगड संगणकाला सारखेच दिसतात. बडा शिग्री ही हिमाचलमधली सर्वांत मोठी हिमनदी, पण तिचा खालचा बराच भाग दगडांखाली आहे. तिथे रंग सोडून आकार वाचावा लागतो. त्यासाठी उंचीच्या मॉडेलवरून सावल्यांनी उठाव दाखवणारं चित्र (हिलशेड) काढा, आणि प्रकाश एकाच दिशेने न टाकता दोन-तीन दिशांनी टाकून पाहा.

दगडांखालची हिमनदी पृष्ठभागावर खड्ड्याखड्ड्यांची असते. मध्येच लहान तळी, मध्येच बर्फाचे काळपट उभे कडे. ती वितळून खचत असल्यामुळे दोन्ही बाजूंचे पार्श्व हिमोढ, म्हणजे तिनेच कडेला टाकलेले दगडमातीचे बांध, तिच्याहून उंच उरलेले दिसतात. रॉक ग्लेशियरचं, म्हणजे उतारावरून हळूहळू सरकणाऱ्या दगड-बर्फाच्या मिश्रणाचं, उलट असतं. तो आजूबाजूच्या जमिनीवर फुगून उभा राहतो, तळी जवळजवळ नसतात, आणि तापल्या दुधावरची साय चमच्याने ढकलावी तशा कमानदार सुरकुत्या त्याच्यावर पडलेल्या असतात. त्याचं तोंड फार तीव्र उताराचं असतं. ते ताज्या, फिकट रंगाच्या मातीदगडांचं असेल तर तो बहुधा अजून सरकतोय. तोंडावर गवत उगवलेलं, कडा गोलसर झालेल्या असतील तर आतला बर्फ गेलेला असण्याची शक्यता जास्त. सक्रिय रॉक ग्लेशियर वर्षाला काही डेसिमीटर ते काही मीटर सरकतो, त्यामुळे सेंटिनेल-1 उपग्रहाने वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या रडार जोडचित्रांवरून ही हालचाल पडताळता येते. आंतरराष्ट्रीय पर्माफ्रॉस्ट (कायम गोठलेली जमीन) संघटनेच्या कृतिगटाने सक्रिय, संक्रमणशील (मंदावलेला) आणि अवशिष्ट (थांबलेला) असे तीन वर्ग ठरवले आहेत, तेच वापरा. स्वतःचे वर्ग बनवलेत तर तुमच्या नकाशाची दुसऱ्या कोणाच्या नकाशाशी तुलना करता येणार नाही.

पाठ्यपुस्तकात हिमगव्हर, लोंबती दरी, अंत्य हिमोढ अशी प्रत्येक भूरूपाची सुटी आकृती असते. खोऱ्यात मात्र ती एकमेकांवर चढलेली असतात. जुन्या हिमोढाच्या पायथ्यापासूनच रॉक ग्लेशियर सुरू होतो, त्याच्यावर वरून दरडीचा दगड साचतो, आणि खाली नदीचा पंखा पसरतो. म्हणून एखाद्या आकाराला नाव देण्याआधी त्याच्या वर काय आहे आणि दगड कुठून येतोय ते पाहा. मागे दरीच्या माथ्यापर्यंत हिमनदी आहे, की फक्त कड्यावरून कोसळणारा डबर? निम्मे संशय इथेच मिटतात. काळाचा क्रम लावायचा तर चंद्रा, बाताल, कुल्टी आणि सोनापानी हे हिमनद्या पुढे सरकल्याचे टप्पे संशोधकांनी याच खोऱ्यात ठरवलेले आहेत. सोनापानी हिमनदीची पाहणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1906 सालीच केली होती. 1960च्या दशकातली कोरोना उपग्रहाची चित्रंही आता खुली आहेत, ती त्या जुन्या पाहणीच्या जोडीला ठेवा. याच खोऱ्यातल्या समुद्र टापू हिमनदीच्या मुखाशी असलेलं तळं त्या चित्रांच्या तुलनेत आज किती पसरलंय ते नक्की मोजा.

बरेच विद्यार्थी हिमनदीची सीमा आखून थांबतात आणि बाजूचा गोठलेला उतार रिकामा सोडतात. मला हे मनापासून खटकतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक तळ्यात गोठलेल्या पार्श्व हिमोढाचा मोठा भाग कोसळला, तळं फुटलं आणि तीस्तेच्या पुराने चुंगथांगचं धरण वाहून नेलं. अनेक माणसं गेली. असा उतार तळ्याच्या अगदी वर असेल तर नकाशात त्याला वेगळा रंग हवाच. सिस्सू गावाच्या वर गेपांग गाथचं तळं आहे, तिथेही याच नजरेने पाहा.

पडताळणीला प्रत्यक्ष जायचं असेल तर ग्रामफू ते बाताल रस्ता साधारण जून ते ऑक्टोबरच उघडा असतो. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं हिमांश हे संशोधन स्थानक 2016 पासून सुत्री ढाका इथे, 4000 मीटरच्या वर आहे. तिथल्या हवामान नोंदींबद्दल मार्गदर्शकांमार्फत केंद्राला पत्र लिहा. आणि सगळं खोरं एकदम हाती घेऊ नका. आधी छोटा शिग्री ही हिमनदी करा. ती जेमतेम 9 किलोमीटर लांब आहे, दगडांनी थोडीच झाकलेली आहे, आणि 2002 पासून तिथे बर्फाचा ताळेबंद (दरवर्षी किती साचला, किती वितळला) मोजला जातोय, त्यामुळे तुमच्या रेषा तपासायला भरपूर आधार मिळेल. नकाशात आखलेल्या प्रत्येक आकारासोबत (बहुभुजासोबत) "खात्री", "बहुधा", "संशय" असा एक रकाना ठेवा. मार्गदर्शकांशी बसाल तेव्हा "संशय" लिहिलेले बहुभुज आधी काढा.