झडप बदललेली आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झेपेल का?

"हृदयाचं ऑपरेशन झालंय, आता गुडघ्याचं झेपेल का?" सांधेबदलासाठी आलेले पेशंट माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर बहुतेकदा 'हो, पण तयारीने' असंच असतं. ती तयारी कशी असते, ते एका काकूंच्या अनुभवातून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू साठीच्या. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून ताप आला होता. त्या ऱ्हुमॅटिक फीवरने हृदयातली मायट्रल नावाची झडप खराब झाली आणि चाळिशीत ती काढून धातूची बसवावी लागली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी असिट्रॉमची गोळी रोज संध्याकाळी. घेतली की कालनिर्णयवर त्या तारखेला बरोबरची खूण. आता दोन्ही गुडघे गेलेले. संडासला जाताना सुनेला हात धरायला लागायचा, आणि त्याचंच त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटायचं.

मुलगा म्हणाला, "मॅडम, आई भुलेला घाबरते." काकू गप्प होत्या. त्याला बाहेर बसवलं तेव्हा बोलल्या. "ताई, भुलेचं काही नाही हो. पण हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय, ही गोळी एक दिवस जरी चुकली तरी झडपेत गुठळी होईल, लकवा मारेल. आणि हे हाडांचे डॉक्टर म्हणतात, बंद करा. मी कुणाचं ऐकू?"

दोन्ही डॉक्टरांची काळजी खरी होती. गोळी चालू ठेवून गुडघा उघडला तर रक्तस्राव आवरत नाही. नुसतीच बंद केली तर धातूच्या झडपेवर, त्यातही मायट्रलच्या जागी, गुठळी धरण्याची भीती. यातून मार्ग असतो, तो काकूंना कुणी शेजारी बसून समजावला नव्हता. प्रत्येक डॉक्टर पेशंटशी वेगवेगळा बोलतो आणि त्याची सांगड घालायचं ओझं पेशंटवर पडतं, हे मला फार खटकतं.

म्हणून मी हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि सर्जन, तिघांकडूनही एकाच कागदावर तारखांसकट मराठीत लिहून घेतलं. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी असिट्रॉम बंद. (वॉर्फरिन ही त्याच कामाची दुसरी गोळी असेल तर साधारण पाच दिवस आधी, कारण तिचा असर सावकाश उतरतो.) आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, खाली आला की हेपरिनच्या जातीचं, रक्त गोठू न देणारं पण असर लवकर उतरणारं इंजेक्शन पोटाच्या कातडीत, दिवसातून दोनदा, आणि शेवटचं ऑपरेशनच्या २४ तास आधी. एरवी काकूंचा आयएनआर २.५ ते ३.५ ठेवायचा असतो, ऑपरेशनच्या सकाळी तो १.५ च्या खाली हवा. नंतर जखम पाहून दुसऱ्या दिवसापासून गोळी, दोन-तीन दिवसांनी इंजेक्शनही, आणि आयएनआर जागेवर आला की इंजेक्शन बंद. झडप वाऱ्यावर सोडलेली नव्हती. हे वेळापत्रक काकूंचं, दुसऱ्या कुणी ते स्वतःला लावून घेऊ नये.

काकूंनी कागद पुन्हा पुन्हा वाचून घेतला. मग विचारलं, "त्या दिवसांत खूण कशाची करू?"

"इंजेक्शनची करा."

तेव्हा कुठे त्या मोकळ्या झाल्या. इतक्या, की गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या वेदनाशामक गोळ्या आणून खात असल्याचंही सांगून टाकलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर या गोळ्या पोटात रक्तस्राव करू शकतात. त्या गोळ्या लगेच बंद केल्या.

दातांच्या डॉक्टरांकडे पाठवल्यावर मात्र त्या वैतागल्या. "गुडघ्याचा आणि दाताचा काय संबंध?" संबंध आहे. किडक्या दाढेतले जंतू रक्तात उतरले तर कृत्रिम झडपेवर घर करतात, नव्या सांध्यावरही. त्यांची एक दाढ निघालीच. त्याआधी अँटिबायोटिक दिलं आणि ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं.

ज्यांची झडप बदललेली नाही, पण एओर्टिक ही हृदयाची दुसरी झडप अरुंद झाली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं असं असेल आणि झडप फारच अरुंद असेल, तर आधी झडप, मग गुडघा. यात एक फसगत होते. गुडघ्यामुळे माणूस चालतच नाही, मग दम लागतो की नाही हे कळणार कसं? म्हणून "मला काही त्रास नाही" यावर न थांबता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा.

काकूंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी वॉकर घेऊन त्या संडासपर्यंत एकट्या गेल्या. आयएनआर जागेवर यायला मात्र आठवडाभर लागला, तोवर इंजेक्शनं चालूच होती.

घरी जाताना सुनेला बजावून सांगितलं: गुडघा एकाएकी फुगला, शौचाला काळी झाली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. थंडी वाजून ताप आला तर आपल्या मनाने अँटिबायोटिक देऊ नका. झडप आणि गुडघा दोन्ही बदललेत, हे डॉक्टरांना आधी सांगा. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, औषधाआधी घेतलं नाही, तर जंतू कोणता ते पुष्कळदा सापडतच नाही.